बाहेर चिऱ्याचं क्लॅडिंग, आत स्लेट: पर्वरीतला एक पावसाळा काढल्यावर

बाहेरच्या दोन भिंतींवर २० मिमी जाडीच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, टाइल आणि हॉलमध्ये टीव्हीमागे स्लेटच्या पट्ट्यांचे तयार पॅनल, असं हे क्लॅडिंगचं, म्हणजे भिंतीवर दगडी आवरण चढवण्याचं, काम. मूळ भिंत चिऱ्याची, तिच्यावर गिलावा आणि गिलाव्यावर पुन्हा चिरा. गोव्यात हल्ली हे सर्रास चालतं, आणि त्यातली गंमत कळूनही दिसायला ते झकास दिसतं, हे मान्य करावं लागेल.

पावसाळ्यात एकही टाइल सुटली नाही. पण नैर्ऋत्येकडच्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात पांढरे क्षार फुटले आणि आतल्या बाजूला रंग फुगला. दुसऱ्या भिंतीवर कौलांची पावळी अडीच फूट पुढे आलेली आहे. तिथे तोच दगड, तेच अ‍ॅडेसिव्ह, तेच कारागीर, आणि डाग नावालाही नाही. फरक फक्त वरून येणाऱ्या पाण्याचा. नैर्ऋत्येच्या भिंतीला वर कठडा आहे आणि त्याचं कॉपिंग, म्हणजे माथ्यावरची झाकणपट्टी, टाइलच्या कडेला समतल थांबवलेलं. कॉपिंग टाइलच्या पुढे किमान ४० मिमी यायला हवं आणि त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, पाणी तोडणारी खाच हवी. खाच नसली की पाणी कॉपिंगच्या तळाला चिकटून मागे सरकतं आणि टाइलच्या पाठीमागे उतरतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्यासोबत आडवा. पाठीमागे शिरलेलं पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवतं, सांध्यांतून बाहेर येऊन वाळतं आणि क्षार तिथेच सोडून जातं.

क्लॅडिंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, हे दुकानात कुणी सांगत नाही. गिलाव्यावर सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, टाइलच्या आधीच द्यावेत. रबरासारखं ताणलं जाणारं अ‍ॅक्रिलिक कोटिंग इथे चालत नाही. अ‍ॅडेसिव्ह त्याला धरतं, पण ते स्वतःच दगडाच्या वजनाने भिंतीवरून सोलून येतं.

वजनाचा हिशेब आधी करावा. २० मिमी चिरा चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास भरतो. म्हणून जुना रंग पूर्ण खरवडायचा, पकड यावी म्हणून छिन्नीने टाचे मारायचे, हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढून नव्याने करायचा. नवा गिलावा २८ दिवसांचा होऊ द्यावा. पहिल्या मजल्याच्या वर नुसत्या अ‍ॅडेसिव्हवर विसंबू नये, स्टेनलेस स्टीलच्या पिना घालाव्यात. खाऱ्या हवेत ३०४ नाही, ३१६ ग्रेडच्या. साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) स्क्रूचे तांबडे ओघळ पहिल्याच पावसात दिसतात.

चिकटवताना सगळ्यात जास्त बिघडतं ते ‘लाडू’ पद्धतीने: चार कोपऱ्यांना चार गोळे, मध्ये एक, आणि टाइल दाबली की झालं. मधल्या पोकळीत पाणी साठतं. टाइल अ‍ॅडेसिव्हच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १५४७७) टाइप ३ किंवा त्यावरचं अ‍ॅडेसिव्ह घ्या, भिंतीवर १० मिमी खाचेच्या थापीने एकाच दिशेने ओढा आणि टाइलच्या पाठीवरही पातळ लेप द्या. अधूनमधून एक ताजी टाइल उपटून पाहावी; बाहेरच्या कामाला पाठ ९५ टक्के भरलेली दिसली पाहिजे. चिऱ्याच्या पाठीवरची लाल भुकटी ब्रशने धुऊन काढली नाही तर अ‍ॅडेसिव्ह दगडाला नव्हे, भुकटीला चिकटतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात भिंत तापलेली असते आणि ओढलेल्या अ‍ॅडेसिव्हवर लगेच साय धरते. बोटाला लागत नसेल तर ते खरवडून टाका. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

१२ बाय ७ इंची टाइल १०० चौरस फुटांना १७२ लागतात. तुटफूट धरून १९० मागवा. अ‍ॅडेसिव्हच्या २० किलोच्या गोणीवर ५० चौरस फूट लिहिलेलं असलं तरी दुहेरी लेपात ३०-३५ च्या पुढे जात नाही. कोपऱ्यात ४५ अंशांचा काप चिऱ्याला सोसत नाही, धार भुसभुशीत होऊन गळते. एक ओळ डावीकडून पुढे, एक उजवीकडून, अशी आलटून-पालटून बांधणीच बरी. दर तीन मीटरला एक सांधा ग्राउटऐवजी (सांधे भरायच्या सिमेंटी मसाल्याऐवजी) न्यूट्रल सिलिकॉनने भरावा. आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्याचा डाग पडतो.

दगडात पाणी मुरू नये म्हणून लावायचा सीलर चकचकीत थर देणारा मुळीच घेऊ नका. आतला ओलावा अडकतो आणि पापुद्रे निघतात. आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर, दगड पूर्ण वाळल्यावर, पहिला हात ओला असतानाच दुसरा. चिरा तो अधाशासारखा पितो, तेव्हा डब्यावरच्या कव्हरेजच्या निम्मंच धरा.

आतल्या स्लेटबद्दल फारशी तक्रार नाही. १५० बाय ६०० मिमीचे पॅनल, चौरस मीटरला ११. स्विचबोर्डाचे डबे आधीच २५ मिमी पुढे आणून घ्यावेत, नाहीतर प्लेट दगडाच्या खड्ड्यात बसते. टीव्हीच्या ब्रॅकेटचे बोल्ट स्लेट पार करून मूळ भिंतीत गेले पाहिजेत. पट्ट्यांच्या कंगोऱ्यांवर धूळ आणि कोळिष्टकं मात्र अखंड. व्हॅक्यूमचा ब्रश लागतोच.

साफसफाईत अ‍ॅसिड नको. ग्राउट खातं आणि चिऱ्यातलं लोह सुटून पिवळे डाग येतात. क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडावेत, पाणी नंतर. शेवाळाला पातळ ब्लीच, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी. प्रेशर वॉशरने चिऱ्याची भोकं मोठी होतात. उरलेल्या टाइलपैकी डझनभर जपून ठेवा. पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही.