फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका (मोफत विधी सेवेचा अनुभव, नागपूर)

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी सांगतो.

आमच्या वस्तीतल्या एका काकूंचा सोळा वर्षांचा पोट्टा चोरीच्या गाडीवर मागं बसलेला सापडला. नाव, शाळा काही लिहीत नाही, कायद्यानंच मनाई आहे आणि तसंही कशाला. गाडी चालवणारा पळाला, हा बसूनच राहिला. काकू चार घरची धुणीभांडी करतात, रडत रडत माझ्याकडे आल्या, आम्ही आधी एका खासगी वकिलाकडे गेलो तर त्यानं पोट्ट्याला न बघताच सांगितलं की कबूल करून टाकू, लहान आहे, सुटून जाईल, पंचवीस हजार लागतील. मलाही तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग एका मित्रानं १५१०० हा मोफत विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर दिला. मला वाटायचं मोफत वकील म्हणजे उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, तहसीलच्या चकरा, सगळी वरात. तर तसं काही नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला आणि लहान मुलाला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.

ज्या वकील मॅडम आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. काकूंनासुद्धा. मी म्हटलं मॅडम मी सांगतो ना काय झालं ते, तर म्हणाल्या, "भाऊ, माझा पक्षकार तो आहे, तुम्ही नाही." राग आला होता मला, फुकटचं आहे म्हणून ऐकून घेतलं.

आत काय झालं ते पोट्ट्यानंच नंतर सांगितलं. मॅडमनी विचारलं, तू नववीत ना? हा म्हणाला हो. आहे दहावीत. वडील ड्रायव्हर आहेत ना? हो. वडील जाऊन सहा वर्षं झाली. मोठ्या माणसानं विचारलं की हो म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक, आणि रात्री चौकशीत पण त्यानं तेच केलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवला म्हणे, आणि अर्धा तास त्याला एकच गोष्ट शिकवली, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, समजलं नाही तर समजलं नाही म्हण, केलं नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. त्या कबूल-करवाल्याच्या हाती लागला असता तर ह्यानं गल्लीतल्या सगळ्या गाड्या चोरल्या म्हणून हो म्हटलं असतं.

दुसरं म्हणजे वय. पोट्टा उंच, मिशी फुटलेली, कागदावर १९ लिहून झालेलं. मॅडमनी मला भर दुपारी शाळेत पळवलं, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट बघतात, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. तो एक कागद वेळेत पोचला म्हणून केस मोठ्यांच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे आली. तिथे मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजसेवक बसतात, त्यात एक तरी बाई असावी लागते.

जामिनाला मॅडमनी भाषण ठोकलं नाही. एवढंच सांगितलं की आई सकाळी सहाला कामावर जाते, अकराला येते, शाळा दुपारची, ह्या मधल्या वेळातच ते टोळकं त्याला भेटतं, मावशी घरीच शिलाई करते, ती त्याला ठेवून घ्यायला तयार आहे. आणि मावशी तिथेच उभी, मशीनवरून उठून आलेली, ओढणीला दोरे चिकटलेले! कायद्यात जामीनदाराशिवाय पण सोडता येतं, हे मला तेव्हा कळलं. सोडलं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर, सुटलेल्या पोरावर लक्ष ठेवणारा) देखरेखीखाली. केस अजून चालू आहे.

आता काकूंची तक्रार अशी की पोट्टा दळण आणायला पण नाही म्हणतो.

अर्धा स्टार फोनचा. मॅडम दिवसभर कोर्टात, फोन सायलेंटवर, काकूंचा जीव टांगणीला आणि मी मेसेजवर मेसेज. सहानंतर लावा, उचलतात. आणि शाळेच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स आधीच काढून ठेवा.