हिरवा सुगंध हवाय? वाळ्याचं रूह, गेर्लांचं ‘व्हेटिव्हर’ की हर्मेसचं ‘नील’

दुकानात जाऊन ‘काहीतरी फ्रेश, हिरवं दाखवा’ म्हटलं की समोर येणाऱ्या बाटल्यांपैकी बऱ्याच लिंबाच्या किंवा ‘समुद्री’ वासाच्या निघतात. ताजेपणा त्यात असतो, पण हिरवा वास वेगळा. मरवा चुरगळल्यावर बोटांना लागतो तो, चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा, माठात सोडलेल्या वाळ्याच्या जुडीचा. असा वास अंगावर बाळगायचा असेल तर मला तीन नावं सुचवावीशी वाटतात: अत्तरांच्या कन्नौज गावचं रूह खस (म्हणजे वाळ्याचा अर्क), गेर्लां या फ्रेंच सुगंधगृहाचं ‘व्हेटिव्हर’ (म्हणजेही वाळाच) आणि हर्मेस या फ्रेंच कंपनीचं ‘अं जार्दें स्युर ल नील’. तिन्ही हिरवी, पण अंगावर चढल्यावर एकमेकांपासून फार लांब जातात.

निवड करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. हिरवा वास दोन ठिकाणांहून येतो, पानातून आणि मुळातून. कापलेल्या गवताचा किंवा तोडलेल्या पानाचा जो टोकदार वास येतो, त्यामागे सिस-थ्री-हेक्सेनॉलसारखे हलके रेणू असतात. ते झटकन उडतात. वाळ्याच्या मुळातल्या तेलाचे रेणू जड, ते कातडीला धरून बसतात. त्यामुळे पानाचा हिरवेपणा मोहक असला तरी अल्पायुषी, आणि मुळाचा सुरुवातीला जरा उग्र वाटला तरी संध्याकाळपर्यंत सोबत करणारा. ‘ताजा वास दिवसभर टिकतो’ असं कुणी सांगितलं तर त्या बाटलीत पान किती आणि मूळ किती, हे आधी हुंगून पाहावं.

रूह खस हे मुळाच्या बाजूचं टोक. उत्तर भारतात रानात उगवलेल्या वाळ्याची मुळं खणून, तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळून त्याचा अर्क काढतात. तांब्याच्या संपर्काने तेलाला हिरवट झाक येते. मनगटावर अर्धा थेंब लावला की पहिल्यांदा येतो तो नुकत्याच उपटलेल्या मुळाचा वास: ओली माती, किंचित कडवटपणा, मागे धुराची पुसट रेघ. खस सरबताच्या गोडव्याची अपेक्षा ठेवून हुंगणारा इथे दचकतो. पण तासाभराने माती खाली बसते, कडवटपणा विरतो आणि जे उरतं ते गार, लाकडी, खोल असतं. उन्हाळ्याच्या दुपारी पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या पडद्याजवळ उभं राहिल्याचा तो अनुभव आहे, आणि मला त्याची सर दुसऱ्या कशालाच येत नाही असं वाटतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हा वास आणखी खुलतो.

अडचणी आहेत. रूह म्हणजे निव्वळ अर्क. अत्तर म्हणजे तोच अर्क चंदनाच्या किंवा दुसऱ्या तेलात उतरवलेला. बाजारात ‘खस अत्तर’ म्हणून मिळणारं बरंचसं रंग घातलेलं, भेसळीचं किंवा कृत्रिम वासाचं असतं. ते लावल्या लावल्या गोड लागतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. अस्सल रूह तासातासाला बदलतं, हीच त्याची साधी ओळख. ते स्वस्त नसतं, पण एका वेळी लागतं इतकं थोडं की छोटी कुपी बराच काळ पुरते. पांढऱ्या सदऱ्याला मात्र लावू नका, डाग पडतो. मनगट, कानामागची जागा, नाहीतर कानात फाया.

गेर्लांचं ‘व्हेटिव्हर’ त्याच मुळापासून निघतं आणि पार वेगळ्या ठिकाणी पोचतं. झाँ-पॉल गेर्लां यांनी तरुणपणी, 1950च्या दशकाच्या अखेरीस हे घडवलं. इथे वाळ्याला लिंबूवर्गीय सालींनी उजळवलंय, जायफळ-मिरीने धार दिलीय आणि तळाशी तंबाखूच्या पानाचा कोरडेपणा ठेवलाय. माती जवळपास धुऊन काढलेली. इस्त्रीच्या शर्टावर, नीट दाढी केलेल्या चेहऱ्यावर शोभणारा हा वास. पुरुषांसाठी म्हणून विकतात, पण बायकांनी लावायला काहीच हरकत नाही. सुती साडीवर तो फार सुरेख लागतो. ऑफिसला जाणाऱ्याने, ज्याला रूह जरा जास्तच रानटी वाटेल त्याने, हेच घ्यावं. पुण्या-नाशिकच्या थंडीत तर डोळे मिटून.

आता ‘नील’. झाँ-क्लोद एलेना यांनी 2005 साली हर्मेससाठी केलेला हा सुगंध इजिप्तमधल्या आस्वानजवळच्या नाईलकाठच्या बागांवरून सुचला. तिथे झाडांना लटकलेल्या कच्च्या आंब्यांनी त्यांना धागा दिला. मराठी नाकाला याची ओळख करून द्यावी लागत नाही: पहिल्या फवाऱ्यातच कैरीचा देठ मोडल्यावर येतो तो चीक, थोडा राळेसारखा, थोडा आंबट, आणि लगेच ग्रेपफ्रूटचा कडवट रस. कैरीचं असं काही तेल यात नाही; इतर घटक जुळवून एलेनांनी ती कैरी उभी केलीय, आणि इतकी खरी की तोंडाला पाणी सुटतं. पुढे कमळाचा पाणीदारपणा येतो आणि वेखंडाची हलकी झुळूक. घरात तान्ह्या बाळासाठी वेखंड उगाळलेलं असेल तर ती लगेच ओळखू येईल.

पण हा पानाफळाचा हिरवेपणा आहे. पहिला अर्धा तास अप्रतिम, मग तो कातडीजवळ सरकत जातो आणि दुपारी तुम्हालाच मनगट नाकाशी न्यावं लागतं. ज्यांना दुसऱ्यांपर्यंत वास पोचलेला नको असतो, दवाखान्यात, वर्गात किंवा खचाखच भरलेल्या लोकलमध्ये, त्यांच्यासाठी तोच गुण. ज्यांना पैसे मोजल्यावर वास टिकलाच पाहिजे असं वाटतं, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

याहून तिखट हिरवं हवं असेल तर गॅल्बनमकडे वळावं लागतं. इराणकडच्या एका झाडाची ही राळ, वास सोललेल्या मटारच्या शेंगेसारखा, पण कितीतरी तीव्र. जर्मेन सेलिये यांनी 1947 साली बाल्मँ या फ्रेंच फॅशनगृहासाठी केलेल्या ‘वाँ व्हेर’ या सुगंधामध्ये ती मुक्त हाताने वापरली होती; ते मूळ रूप आता मिळत नाही. शानेलच्या ‘नंबर 19’मध्ये तिची चव घेता येते, पण पहिलीच हिरवी बाटली म्हणून मी ती सुचवणार नाही.

निवडताना कागदी पट्टीवर विसंबू नका. पट्टीवर ‘नील’ नेहमीच जिंकतं आणि रूह नेहमीच हरतं, कारण पट्टीला अंगाची ऊब नसते. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं लावून दुकानाबाहेर पडा, चहा घ्या, उन्हातून चाला आणि दोनेक तासांनी जो वास परत हुंगावासा वाटेल तो विकत घ्या.

माझं मत विचारलंत तर एकच घ्यायचं असेल तर रूह खस, दहा मिलिलिटरऐवजी तीनची कुपी, आणि तीही विक्रेत्याने आधी हातावर लावू दिली तरच. दोन घेणं जमत असेल तर रूह आणि ‘नील’: मनगटावर रूहचा ठिपका, कपड्यांवर ‘नील’चे दोन फवारे. कैरी उडून गेली की खालून वाळा वर येतो.