फोटो एका पानावर, ओळ दुसऱ्या पानावर : ई-पुस्तकात चित्रं बसवण्याचे सात महिने

गणेश चवथीला गोव्यात डिचोलीला आत्याकडे गेलो होतो. माटोळीखाली (गणपतीच्या वर फळाफुलांचं छत बांधतात ती) पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि आतेभावाच्या मुलाने फोनवर माझं पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. पुस्तक गोव्यातल्या तुळशी वृंदावनांचं, ३८ फोटो. आत्याच्या अंगणातल्या वृंदावनाचा फोटो आला. त्याच्या डोक्यावर ओळ होती : 'चुना गळून पडलेलं, आता कुणी दिवाही न लावणारं वृंदावन.'

ती ओळ आधीच्या फोटोची. फोटोने सगळी स्क्रीन व्यापली, खालची ओळ पुढच्या पानावर घसरली आणि जाऊन आत्याच्या तुळशीवर बसली. आत्या रोज सकाळी तिला पाणी घालते. ती एवढंच म्हणाली, “म्हजें वृंदावन मोडलां?” मग नेवऱ्या (करंज्या) वाढायला उठली. मला एकच वाढली.

हा अनुभव लिहायला घेतला त्याचं कारण ही नेवरी. ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, किंडल म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकांचं दुकान आणि ती वाचायचं यंत्रही, एवढं पुरे. यापलीकडे त्यात शिरत नाही.

मे महिन्यात मी एक फॉर्मॅटिंगचं ॲप विकत घेतलं. नाव घेत नाही. वर्षाचे ४,२०० रुपये, एकरकमी. तेवढ्यात किती इसवण (सुरमई) आली असती हा हिशेब बायकोने त्याच दिवशी करून ठेवला आहे. पहिले दोन महिने मी त्या ॲपचं इतकं कौतुक केलं की दोन मित्रांनीही ते घ्यायचं ठरवलं होतं. वर्डची फाइल टाकायची, फोटो ओढून जागेवर सोडायचा, खाली ओळ टाइप करायची, बटण दाबायचं. देवनागरी जोडाक्षरं नीट, अनुक्रमणिका आपोआप. पावसात दिवसातून चार वेळा लाईट जायची तरी केलेलं काम शाबूत राहायचं. हे गुण खरे आहेत, आजही मान्य करतो.

मग फाइल चढवून किमतीच्या पानावर आलो. तिथे फाइलचा आकार दिसला : ५४ एमबी. भारतातल्या किंडल दुकानात ७० टक्के रॉयल्टी घेतली तर दर एमबीमागे ७ रुपये पोचवणावळ किमतीतून वजा होते, आणि मग उरलेल्याचे ७० टक्के मिळतात. हा नियम उघड लिहिलेला आहे, मीच वाचला नव्हता. ५४ गुणिले ७ म्हणजे ३७८. पुस्तकाची किंमत १४९. म्हणजे ३५ टक्क्यांची वाट धरण्यावाचून इलाज नव्हता. तिथे पोचवणावळ नाही, पण प्रतीमागे ढोबळ ५२ रुपये. पुस्तक चवथीआधी बाहेर यायला हवं होतं, म्हणून तसंच सोडलं.

५४ एमबी का झाले? जेपीईजी आणि पीएनजी हे चित्राच्या फाइलचे दोन प्रकार. ते ॲप प्रत्येक फोटो, मी जेपीईजी दिला तरी, पीएनजी करून आत ठेवत होतं. पीएनजी काही टाकून देत नाही. चुन्याच्या भिंतीवरचा एकूणएक डाग, शेवाळाचा एकूणएक ठिपका जपून ठेवतं. जेपीईजी डोळ्याला न जाणवणारं बरंच सोडून देतं, म्हणून हलकं. फोटोला जेपीईजीच हवं.

सपोर्टला लिहिलं. ओळ घसरण्याबद्दलही लिहिलं, स्क्रीनचे फोटो जोडले. चार दिवसांनी उत्तर आलं की ‘आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतं, कॅशे साफ करून पाहा.’ केली. परत लिहिलं. उत्तर तेच, फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव बदललेलं. पैसे परत मागितले तर चौदा दिवसांची मुदत टळून गेली होती. त्यानंतर मी हट्टाला पेटलो हे कबूल करतो.

भाचीने बेंगळुरूहून फोनवर सांगितलं, “मामा, सिगिल घे, फुकट आहे.” फुकट शब्द ऐकल्यावर मी आणखी काही विचारलं नाही. सिगिल हे ईपब दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर. त्यात ईपब थेट उघडतो, आतली पानं, चित्रं, सीएसएस (मांडणीचे नियम) सगळं डावीकडे यादीत. समोर दिसतं ते कोड. पहिल्या दिवशी बंद करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला त्यातल्या दोनच गोष्टी शिकायच्या आहेत. फोटो आणि त्याची ओळ मिळून एका डिव्हमध्ये, म्हणजे कोडमधल्या एका चौकटीत, गुंडाळायची आणि त्या डिव्हला सीएसएसमध्ये ‘पेज-ब्रेक-इनसाइड : अव्हॉइड’ हा नियम लावायचा. म्हणजे दोघं एकत्र मावत नसतील तर दोघं मिळून पुढच्या पानावर जातात. एवढंच. ४,२०० रुपयांत जे झालं नाही ते एका ओळीत.

असं वाटलं. प्रिव्ह्यूअरमध्ये (पुस्तक स्क्रीनवर कसं दिसेल ते आधी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाहिलं तर आडवे फोटो शहाण्यासारखे वागत होते, उभे फोटो नाहीत. रुंदी शंभर टक्के दिलेला उभा फोटो एकटाच सगळी स्क्रीन खातो, मग ओळीला जागाच कुठे? नियम तरी काय करणार? उभ्या फोटोंची रुंदी ६० टक्क्यांवर आणली. बायको अक्षरं मोठी करून वाचते, तिच्या टॅबवर पाहिलं तर लांब ओळी अजून घसरत होत्या, कारण अक्षरं वाढली की ओळही तीन-चार मजली होते. शेवटी ओळीच छाटल्या. 'बांदोड्यातील एका जुन्या घराच्या राजांगणातील चिऱ्याच्या बांधणीचे वृंदावन' याचं 'बांदोडा, चिऱ्याचं' झालं. पुस्तकाला तसं ते बरंच मानवलं.

या ओळींवर मी एकंदर तीन आठवडे घातले. भाची म्हणते, एवढं कोण बघतं? आत्या बघते.

मुद्दाम नमूद करतो, पीएनजीला मी वर शिव्या घातल्या त्या अर्ध्या मागे घेतो. पुस्तकात हाताने काढलेली तीन रेखाचित्रं आहेत : चौथरा, कोनाडा, वरची कुंडी. हट्टापोटी तीही जेपीईजी केली, तर रेघांभोवती माशा बसल्यासारखे डाग पडले. मोजके रंग आणि धारदार रेघा असतील तिथे पीएनजीच स्वच्छ. जिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ रंगांवर आणली, फाइल अगदी किरकोळ झाली. मग आतेभावाच्या मुलाने फोन काळ्या पार्श्वभूमीवर टाकून पाहिला आणि वृंदावन गायब! रेखाचित्राची पार्श्वभूमी पारदर्शक राहिली होती, काळ्यावर काळी रेघ. मागे पांढरा रंग भरून फ्लॅटन (एकसंध) केलं तेव्हा परतलं. त्या चित्रांवर लिहिलेली भागांची नावंही पुसून खाली मजकुरात घातली, कारण चित्रातली अक्षरं वाचणाऱ्याला मोठी करता येत नाहीत.

रंगांचंही एक. माझं जुनं किंडल करड्या रंगाच्या १६ छटा दाखवतं. तांबड्या रंगाचं वृंदावन आणि त्यावरची हिरवी तुळस त्यात जवळपास एकाच छटेची होतात, तुळस भिंतीत विरघळते. फोटो रंगीतच ठेवले, फोनवर वाचणारे जास्त आहेत. पण प्रत्येक फोटो जिंपमध्ये एकदा रंग काढून पाहिला आणि जिथे तुळस हरवली तिथे पानं थोडी उजळली. मुखपृष्ठाला फार वेळ गेला नाही. छापखान्यासाठी केलेली फाइल सीएमवायके (छपाईच्या रंगांची) होती, ती आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) केली, २५६० बाय १६०० पिक्सेलवर आणली, संपलं.

आता वजन. सगळे फोटो जेपीईजी केल्यावर पुस्तक ९.५ एमबी. ७० टक्क्यांच्या हिशेबात प्रतीमागे ५८ रुपये. म्हणजे ५२ वरून ५८, सहा रुपयांसाठी एवढी उठाठेव? म्हणून आणखी छाटलं. लांबी-रुंदी कमी, दर्जा थोडा खाली, आकाश आणि अंगण कापून फक्त वृंदावन. ४.७५ एमबी झाले. पोचवणावळ ३३ रुपये, हातात ८१. ७० टक्क्यांसाठी भारतात पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावं लागतं आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. माझं दुसरीकडे कोण घेणार होतं म्हणा. खप विचारू नका. ॲपचे ४,२०० निघायला ५२ प्रती विकायला हव्यात, अजून बऱ्याच बाकी आहेत.

सुधारलेली फाइल चढवली म्हणून आधी घेतलेल्यांच्या फोनवर ती आपोआप जाईलच असं नाही, ज्याने त्याने अपडेट चालू ठेवावं लागतं. म्हणून तुळशीच्या लग्नाला डिचोलीला गेलो तेव्हा आधी आत्याचा फोन मागून घेतला आणि नवी आवृत्ती उतरवली. फोटो आला, खाली ओळ : 'डिचोली, आत्याच्या अंगणात.' एकाच पानावर. आत्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

“तुळस सुकल्ली दिसता.”

फोटो एप्रिलचा. त्या संध्याकाळी वृंदावन नव्याने रंगवलेलं, ऊस बांधलेला, चिंच-आवळे लावलेले, पणत्या. नवा फोटो काढला. घरी येऊन जिंपमध्ये १२० केबीवर आणला. ऊस मात्र वरून कापावा लागला, फोटो फार उभा होत होता. हे आत्याला अजून सांगितलेलं नाही.