मानेवाडा रोडवरचं पार्लर आणि तिथला पांढरा बोर्ड

नागपूरच्या मानेवाडा रोडवरून आत वळलं की एका किराणा दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने चढून, हे पार्लर लागतं. नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या ताईंनीच नको म्हटलं. रविवारी आधीच बायकांना जिन्यावर बसून वाट पाहावी लागते. ज्यांना जायचंय त्यांना खालचा किराणावाला रस्ता दाखवेल. तीन खुर्च्या, एक वॉशबेसिन, खिडकीत खसाचा कूलर. आयब्रो 50 रुपये, साधा हेअरकट 200, फेशियल 600 पासून पुढे. या भागात हाच भाव चालतो.

आयब्रोचं आधी सांगते, कारण बहुतेक जणी त्यासाठीच जातात. हात हलका आहे आणि आकार चेहरा पाहून देतात, सगळ्यांना एकच कमान काढून देत नाहीत. दोरा दातात धरत नाहीत, गळ्यात अडकवून ओढतात. मी फार्मासिस्ट आहे, सक्करदऱ्याच्या एका औषधाच्या दुकानात बसते. तोंडातला दोरा दुसऱ्याच्या डोळ्याजवळ फिरताना पाहिला की मला राहवत नाही. वॅक्सिंगची लाकडी पट्टी प्रत्येकीला नवी, आणि एकदा अंगाला लागलेली पट्टी परत डब्यात बुडवत नाहीत. टॉवेल धुतलेला असतो. पेडिक्युअर ठीकठाक आहे, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

पण मी हे लिहायला बसले ते बोर्डामुळे. वॉशबेसिनच्या बाजूला शाळेत असतो तसा पांढरा बोर्ड आहे. शनिवारी सकाळी ताई त्यावर एक समजूत लिहितात. खाली दोन रकाने: खरं, खोटं. बोर्डाच्या खिळ्याला टिकल्यांचं पाकीट लटकवलेलं. वाट पाहणाऱ्या बाईने एक टिकली काढायची आणि आपल्या मताच्या रकान्यात चिकटवायची. पुढच्या शुक्रवारी ताई उत्तर सांगतात, आणि तेव्हा जी खुर्चीत असेल तिला पुरेसा वेळ देऊन सांगतात.

याने काय होतं ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. पार्लरमध्ये बायका आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसतात; इथे तसं होत नाही. 'पांढरा केस उपटला की दोन येतात' हे लिहिलेलं होतं त्या आठवड्यात 'खरं'चा रकाना लाल-मरून टिकल्यांनी भरला होता. कॉलेजची पोरगी, बँकेतली बाई, भाजीची पिशवी घेऊन आलेल्या काकू, सगळ्या एका बाजूला. प्रत्येकीला ते आईने सांगितलेलं होतं. उत्तर साधं आहे: केसाच्या एका मुळातून एक केस येतो, त्या मुळाने रंग बनवणं थांबवलं म्हणून तो पांढरा आला, उपटला तर त्याच मुळातून पुन्हा पांढराच येईल. शेजारच्या मुळांना या उपटण्याची खबरसुद्धा लागत नाही. त्यांचं वय झालं की तेही पांढरे होतात, आणि आपल्याला वाटतं उपटला म्हणून झाले. वारंवार उपटलं तर मूळच दुखावतं. ताई म्हणाल्या, "उपटू नका वो, कात्रीनं बुडाशी कापा." तेवढं एक वाक्य घेऊन बायका घरी गेल्या.

ताईंची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या कोणाच्या आईला खोटं पाडत नाहीत. जावळाच्या आठवड्यात हे दिसलं. बोर्डावर होतं, 'जावळ काढलं की बाळाचे केस दाट येतात'. एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, त्यांना प्रश्नच पटला नाही. "आमच्या घरात सगळ्यांचं काढलं, सगळ्यांचे केस पाहा माय कसे आहेत." ताईंनी आधी सगळ्यांचे केस खरंच चांगले असतील हे मान्य केलं. मग सांगितलं की जावळ हा संस्कार आहे, तो करायचाच असेल तर जरूर करा. पण दाटपणा त्यातून येत नाही. जन्माचे मऊ केस पहिल्या वर्षात आपोआप गळून दुसरे येत असतात, तेवढ्यातच आपण वस्तरा फिरवतो, आणि श्रेय वस्तऱ्याला जातं. शिवाय न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. म्हणून हाताला जाड लागतो. मी तिथे भर घातली: मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले होते, आणि वस्तऱ्याने केस जाडही होत नाहीत, लवकरही वाढत नाहीत असं त्यांना आढळलं. आजींनी शेवटी टिकली 'खरं'मध्येच लावली. ताईंनी ती तशीच राहू दिली.

संत्र्याच्या सालीचा आठवडा सगळ्यात तापलेला. नागपुरात हे होणारच होतं. अंबिया बहाराची संत्री आली की गच्चीवर साली वाळत नाहीत असं घर आमच्याकडे शोधावं लागेल, आणि तो भुगा बेसनात, दुधात, मुलतानी मातीत जातो. बोर्डावर लिहिलं होतं, 'संत्र्याच्या सालीने रंग उजळतो'. एका बाईंना तो थेट आपल्या गावाचा अपमान वाटला. उत्तर ताईंनी फार तोलून दिलं. सालीचा भुगा घासला की वरचा मृत थर निघतो, त्वचा काही वेळ तुकतुकीत दिसते, हे खरं. रंग त्याने बदलत नाही. ज्या 'क' जीवनसत्त्वाच्या भरवशावर आपण साली वाळवतो ते उन्हात आणि हवेत टिकत नाही. सालीतलं सुगंधी तेल हवेने जुनं झालं की काहींच्या त्वचेला खाजही आणतं. भुगा भरड असेल तर पिंपल्सवर घासू नका, बाकी सोसत असेल तर आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने.

चेहऱ्याला लिंबू चोळण्याच्या बाबतीत मात्र ताईंनी असं तोलून बोलायला नको होतं आणि त्या तसं बोलल्याही नाहीत. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल तीव्र), दोनच्या आसपास असतो, आपल्या त्वचेचा साधारण पाच. एवढंच असतं तर आग होऊन थांबलं असतं. पण लिंबात असे घटक असतात जे कातडीवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखा चट्टा उठवतात, आणि पुढे त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. ओघळ जिथून गेला तिथून डागाची रेघ. हे नागपूरला सांगायलाच हवं. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेले होते. एरवीही मे महिन्यात पंचेचाळीस पार होतं. त्या उन्हात मुली सकाळी लिंबू चोळून गाडी काढतात. आमच्या दुकानात अशा डागावर क्रीम मागायला आलेल्या पोरींना मी काय लावलं होतं ते विचारते, तर उत्तर ठरलेलं: "काहीच नाही, घरचंच होतं." घरचं आहे म्हणून बिनधोक, ही समजूत बाकी सगळ्या समजुतींची आई आहे.

बर्फाने छिद्रं बंद होतात आणि वाफेने उघडतात, हाही एक आठवडा झाला. त्वचेच्या छिद्रांना स्नायूच नाहीत, ती दारासारखी उघडमीट करत नाहीत. पुढे सरकते.

या बोर्डावर मी पाहिलेला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: 'औषधाच्या दुकानातली ट्यूब आठ दिवसांत चेहरा उजळवते'. टिकल्या दोन्हीकडे सारख्या. शुक्रवारी ताईंनी सांगितलं, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. खोट्या गोष्टीचा अनुभव वाईट आला की माणूस सोडून देतो. ही ट्यूब पहिल्या आठवड्यात खरंच काम करते. त्यात बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं, बऱ्याच मलमांत रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं ट्रेटिनोइनही सोबत. रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, चेहरा गोरा दिसतो. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते, उन्हात आग होते. थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा चेहऱ्याला वेगळं नाव आहे, इतके ते येतात.

मी काउंटरच्या या बाजूला बसते, म्हणून मला हे रोज दिसतं. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची केली. तरी पोरी ट्यूबचा रिकामा खोका घेऊन येतात, "मैत्रिणीनं सांगितलं" म्हणतात, आणि मी नाही म्हटलं की रागावून दुसरं दुकान गाठतात. मी काउंटरवरून जे समजावते ते त्यांना दुकानदाराचा आडमुठेपणा वाटतो. तेच पार्लरच्या खुर्चीत, केस विंचरताना, ताईंच्या तोंडून पोचतं. कारण तिथे त्यांनी आधी स्वतः टिकली लावलेली असते. आपलं मत कुणी विचारलं की माणूस उत्तरही ऐकतो.

त्या दिवशी एका मुलीने तिथेच ओढणी खाली केली आणि गाल दाखवला. ताईंनी तिचं ठरलेलं फेशियल केलं नाही, पैसे घेतले नाहीत, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, त्वचाविभागाच्या ओपीडीत जायला सांगितलं. ट्यूब अचानक बंद न करता आधी डॉक्टरांना दाखव, हेही सांगितलं, आणि ते बरोबर आहे. सहाशे रुपये सोडून देणं छोट्या पार्लरला सोपं नसतं. मी या जागेची शिफारस करते ती या एका गोष्टीसाठीच.

आता जे खटकतं ते. रेट कार्डावर अजूनही 'व्हाइटनिंग फेशियल' छापलेलं आहे, 900 रुपये. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "काय करू, किटवर कंपनी तेच लिहिते, बायका तेच नाव घेऊन मागतात." मला हे पटत नाही. 1975 पासून घराघरात असलेल्या फेअर अँड लव्हलीनेसुद्धा 2020 साली नावातलं 'फेअर' काढलं. एकीकडे बोर्डावर रंग बदलत नाही म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे त्याच्याच समोर हे छापून ठेवायचं, यात बोर्डाची किंमत कमी होते. कार्ड नव्याने छापायला फार खर्च येत नाही.

दुसरं, उत्तरं पुसली जातात. पुढच्या शनिवारी नवा प्रश्न आला की जुनं गेलं. जिला त्या आठवड्यात जमलं नाही तिने काय करायचं? एका वहीत लिहून टेबलावर ठेवली तरी पुरे. वर्षभरात ती वही मुलींच्या शाळेत वाचून दाखवण्यासारखी होईल.

तिसरं, खोबरेल तेलाचं उत्तर अर्धंच दिलं गेलं. 'रोज तेल लावलं की कोंडा जातो' याला ताईंनी सरळ खोटं म्हटलं. कोंड्याबद्दल ते बरोबर आहे; कोंड्यामागची बुरशी तेलावरच वाढते. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे सांगायचं राहिलं. त्यामुळे दोन-तीन बायका तेलच बंद करायचं ठरवून गेल्या. धुण्याआधी केसांच्या लांबीला लावा, कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर ठेवू नका, एवढं जोडायला हवं होतं. मी पुढच्या वेळी सांगितलं, आणि त्यांनी ते बोर्डाच्या कोपऱ्यात लिहिलं.

सनस्क्रीनबद्दल तिथे चांगला सल्ला मिळतो, विकायचा आग्रह नसतो. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे, किरण अडवतं, 50 साधारण 98. म्हणून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे घालण्यापेक्षा दोन बोटं भरून घ्या आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. ॲक्टिव्हावर तोंडाला ओढणी गुंडाळणाऱ्यांनाही ते लागतं. पातळ कापडातून ऊन जातंच.

जायचं असेल तर मंगळवार-बुधवार दुपारचं जा, सोमवारी बंद असतं. मे महिन्यात कूलर पुरत नाही, सकाळी दहाच्या आत गाठा. केसांना रंग लावायचा असेल तर दोन दिवस आधी जाऊन कानामागे टेस्ट करून घ्या. ताई त्याशिवाय रंगाला हात लावत नाहीत, घाईत असलात तरी. लग्नाची मेंदी काळी हवी म्हणून हट्ट धरू नका, तीही त्या करत नाहीत: शुद्ध मेंदी काळी रंगतच नाही, काळेपणासाठी त्यात जे रसायन घालतात त्याने हातावर फोड येतात. पैसे रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. गाडी किराणा दुकानासमोर लावू नका, पलीकडच्या कडुनिंबाखाली जागा असते.