सेल्युलोज-कॉलमचं आरएनए किट: समुद्री बुरशीवर वापरून पाहिलं

समुद्री बुरशीत विषाणू आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. बुरशी व्यवस्थित वाढते, बीजाणू धरते आणि विषाणू आत निवांत असतो. यातले बहुतेक विषाणू पेशीबाहेर पडतच नाहीत. दोन कवकतंतू (बुरशीचे धागे) जुळले की इकडून तिकडे जातात, नाहीतर बीजाणूंतून पुढे. म्हणून मी आधी दुहेरी धाग्याचा लांब आरएनए शोधते; बुरशीच्या पेशीचा स्वतःचा आरएनए सहसा एकेरी असतो. तो सापडला की विषाणूचा संशय बळावतो.

किटमागची युक्ती १९७९ पासूनची, मॉरिस आणि डॉड्स या संशोधकांची. साधारण १६ टक्के इथेनॉल असलेल्या बफरमध्ये दुहेरी आरएनए सेल्युलोजला चिकटतो, एकेरी धुऊन जातो. इथेनॉल काढलं की दुहेरी सुटून खाली येतो. पूर्वी मी पूड भिजवून सिरिंजमध्ये कॉलम भरायचे, त्यात अख्खा दिवस जायचा. आता दुपारी जेवायच्या आत काम हातावेगळं होतं.

पण पहिल्या खेपेला चारही नमुने गेले. समुद्राच्या पाण्यावर वाढवलेलं कवकजाल (कवकतंतूंचं जाळं) द्रव नायट्रोजनमध्ये कुटून बफर घातलं, तर शेंबडासारखं तार धरणारं द्रावण झालं आणि कॉलमच्या तोंडाशीच तुंबलं. ते कवकजाल तीन आठवडे वाढवलेलं होतं, फार वाईट वाटलं. माहितीपत्रकात या चिकट शर्करांबद्दल अवाक्षर नाही, ते असायलाच हवं होतं. आता मी कवकजाल दोनदा धुते, टिपकागदात दाबून घेते, नमुना निम्माच घेते आणि सेंट्रिफ्यूजनंतर फक्त वरचा नितळ भाग कॉलममध्ये घालते.

त्यानंतरचं जेल, म्हणजे आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणारं, मी विसरणार नाही. अडीच ते साडेतीन हजार बेसजोड्यांच्या दरम्यान चार बारीक, स्वच्छ बँड. बुरशीत आढळणाऱ्या क्रायसोव्हायरस या विषाणूंच्या जीनोमचे तुकडे साधारण असेच असतात. आरएनेज ए हे आरएनए तोडणारं विकर भरपूर मिठात दुहेरी आरएनएला हात लावत नाही, कमी मिठात तोही तोडतं. भरपूर मिठात ते लावलं, बँड टिकले. मीठ कमी करून लावलं, विरून गेले. म्हणजे आरएनए दुहेरीच. हे आरएनेज किटमध्ये मिळत नाही, वेगळं मागवावं लागतं.

बँड दिसला नाही म्हणून बुरशी निर्विषाणू धरू नका. विषाणू अगदी थोडा असेल तर जेलवर दिसत नाही, आणि डीएनए जीनोमवाले बुरशी-विषाणूही आहेत, पहिला २०१० साली नोंदवला गेला. होलोथुरिया पोलाय या समुद्री काकडीतल्या बुरशींचे विषाणू २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते आरएनए सीक्वेन्सिंग करून. पुढे काय सीक्वेन्सला पाठवायचं हे ठरवायला मात्र मी हेच किट पुन्हा मागवलं आहे.