व्हिडिओत आवाज येतोय ना? मग केबलचं दुसरं टोक बघा

क्लाउड्स आणि मॅथ्स ही मॉड्युलर सिंथेसायझरची दोन मॉड्यूल्स, म्हणजे केबलने एकमेकांना जोडून आवाज घडवायचे दोन डबे, दोन्ही मिळून ५५ हजार, ‘बंगळुरूला शिफ्ट होतोय म्हणून काढतोय’ असा मेसेज तुम्हाला कोणाकडून आला असेल, तर टोकन पाठवायच्या आधी हे वाचा. माणूस मराठी आहे, गोड बोलतो, अंधेरीत राहतो असं सांगतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि मला दिलेलं नाव खरं होतं असं मानायला काही कारणही नाही. नाव तो उद्या बदलेल. पद्धत मात्र त्याने इतकी घोटून बसवली आहे की ती बदलायची त्याला गरज पडणार नाही, म्हणून ती सविस्तर लिहिते.

मी नाटकांना पार्श्वसंगीत करते. बहुतेक एकांकिका आणि प्रायोगिक, म्हणजे पैसे बेताचे आणि दिग्दर्शकांच्या मागण्या अफाट. ‘घर रिकामं झाल्याचा आवाज पाहिजे’ अशी मागणी आली की क्लाउड्ससारखं मॉड्यूल कामाला येतं. आत सोडलेल्या आवाजाचे ते बारीक बारीक कण करतं आणि ते कण हवे तसे पसरतं. तानपुरा सोडा, बाईंचं एखादं वाक्य सोडा, लोकलचा हॉर्न सोडा. फ्रीझचं बटण दाबलं की तेवढा तुकडा धरून ठेवतं आणि मग तो ताणत, कुरतडत बसायचं. आत साठतो तो आवाज चांगल्या दर्जाला जेमतेम एक सेकंदाचा, दर्जा उतरवत नेला तर आठ सेकंदांपर्यंत. तेवढ्यात अख्खा अंक निघतो.

अडचण अशी की क्लाउड्स नवं मिळत नाही. पॅरिसच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने त्याचं उत्पादन आधीच थांबवलं होतं, २०२१ मध्ये त्याच्या जागी बीड्स आणलं, आणि २०२२ मध्ये कंपनीच बंद केली. पण जाताना सगळी दारं उघडी ठेवून गेले. क्लाउड्सचं सर्किट आणि कोड दोन्ही खुले आहेत, त्यामुळे कोणीही बोर्ड बनवू शकतं. अशा कॉप्या जगभर बनतात, उघडपणे विकल्या जातात आणि त्यातल्या कित्येक उत्तम वाजतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. कॉपीवर मूळ पॅनल चढवून ती मूळ म्हणून विकली, तर मात्र ती सरळसरळ लबाडी आहे. आणि मुंबईत तुम्ही सेकंडहँडच शोधता, कारण बाहेरून मागवायचं म्हटलं की कुरियर आणि कस्टम ड्युटी मिळून वस्तूची किंमत पार कुठल्या कुठे जाते.

तर हा भेटला. घाईचा लवलेश नाही, उलट मलाच म्हणायचा, ‘ताई, नीट विचार करून घ्या.’ पहिल्याच फोनवर त्याने १९६९ ची गोष्ट सांगितली. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) मूग मॉड्युलर सिंथेसायझर बसवला आणि आपल्याकडच्या लोकांनी त्यावर काम केलं, ती. गोष्ट खरी आहे आणि ती माहीत असलेला माणूस आपल्याला आपलाच वाटतो. मग त्याने आमच्यातल्या दोघातिघांची नावं घेतली. मागाहून विचारलं तर त्यातल्या एकालाही हा कोण ते ठाऊक नव्हतं. आमचं वर्तुळ एवढं लहान आहे की कोणी ओळखीचं नाव घेतलं की आपण पुढे चौकशीच करत नाही, आणि तो नेमका त्याच जागेवर उभा असतो. भावही त्याने फार खाली नेला नव्हता. फार स्वस्त असतं तर माझे कान टवकारले असते.

मग व्हिडिओ. टेबलावर छोटी केस, तिच्यात दोन्ही मॉड्यूल्स, वरून धरलेला कॅमेरा, त्याचे हात. तो नॉब फिरवतोय आणि आवाज बदलतोय, अगदी जसा क्लाउड्सचा बदलायला हवा तसा. मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला. आवाज शंभर टक्के क्लाउड्सचाच होता. वीस हजार टोकन यूपीआयने पाठवलं.

आता यातली खरी मेख. सेकंडहँड पेटी घ्यायला गेलात तर भाता ओढून सूर लावता, तिथल्या तिथे कळतं. युरोरॅकचं, म्हणजे ही मॉड्यूल्स ज्या ठरलेल्या मापात बनतात त्या मापाचं, मॉड्यूल एकटं चालूच होत नाही. त्याला केस लागते, अधिक आणि उणे बारा व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय लागतो, वीज पोचवणारी, एका कडेला लाल पट्टी असलेली चपटी रिबन केबल लागते. हातात घेतलं तर ते नॉब बसवलेलं एक पॅनल आणि मागे बोर्ड, बस. आणि त्याने भेटायला बोलावलं दादर पूर्वेला, स्टेशनबाहेर, संध्याकाळी. केस म्हणे आधीच विकली गेली. मॉड्यूल्स बबलरॅपमध्ये, वरून टेप मारलेली. मी एक कोपरा सोडवून पॅनल बघितलं, स्क्रू बघितले. पॅनल मूळचंच होतं! माणसं धक्के मारत जात होती, त्याला विरार फास्ट पकडायची होती. उरलेले पैसे दिले. निघताना आवर्जून म्हणाला, ‘ताई, रिबन लावताना लाल पट्टी सांभाळा हं, लोक उलटी लावतात.’

हे वाक्य लक्षात ठेवा.

घरी आल्यावर लाल पट्टी दोन्हीकडे उणे बाराच्या बाजूला आहे हे बघून केबल लावली आणि केस चालू केली. क्लाउड्सचं फ्रीझ बटण दाबलं, दिवा लागला. आवाज सोडला, तर काही नाही. इनपुट किती येतोय ते दाखवणारे चारही दिवे विझलेले. गेन पूर्ण वर नेला तरी ढिम्म. मॅथ्सचं मुख्य काम दुसऱ्या मॉड्यूल्सना चढउतार होणारा व्होल्टेज देण्याचं. त्याचा पहिला चॅनल व्यवस्थित. चौथ्यावर सायकल दाबलं की तो स्वतःशीच फिरत राहायला हवा आणि त्याचा दिवा मंद-तेज होत राहायला हवा. इथे चौथा पार मेलेला.

मग तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. फ्रीझचा दिवा लागतोय, पण इनपुटचे चारही दिवे तिथेही विझलेलेच आहेत. म्हणजे आत काहीही जात नाहीये आणि बाहेर मात्र मस्त आवाज येतोय. मॅथ्सचा फक्त पहिला चॅनल वापरलाय. चौथ्यावर त्याचा अंगठा किंवा एखादी पॅच केबल सतत आडवी. क्लाउड्सच्या आउटपुटमधून निघालेली केबल चौकटीबाहेर जाते आणि तिचं दुसरं टोक एकदाही दिसत नाही. आणि एका ठिकाणी, साइझचा नॉब फिरवताना, आवाज आधी बदलतो आणि हात मागून हलतो.

मग तो आवाज आला कुठून? व्हीसीव्ही रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर २०१७ पासून आहे. त्यात म्युटेबलच्या खुल्या कोडवरच बनवलेली मॉड्यूल्स मिळतात, क्लाउड्स धरून. मी लॅपटॉपवर तसाच पॅच, म्हणजे मॉड्यूल्सची जोडणी, लावला आणि त्याच्या व्हिडिओशेजारी वाजवला. फरक सांगता येईना, आणि येणारही नाही, कारण कोड तोच. माझ्या कानाने मला क्लाउड्स आहे असं सांगितलं ते बरोबरच होतं, फक्त तो आवाज त्या डब्यातून येत नव्हता. वर्षानुवर्षं आपण कान तयार करतो आणि या माणसाचा सगळा धंदा आपल्या तयार कानाच्या भरवशावर चालतो. नवख्याला त्याने हा व्हिडिओ पाठवला असता तर त्याने कदाचित दिव्यांकडे तरी बघितलं असतं.

मेसेज केला तर त्याचं उत्तर तयार होतं: ‘ताई, रिबन उलटी लागली असणार. मी तुम्हाला दादरलाच बजावलं होतं ना? होतं असं पहिल्यांदा.’ सोबत हात जोडलेला इमोजी. या बहाण्याला तोड नाही. उलटी रिबन लावली की चिप्स जळतात हे खरंच आहे, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी काही ना काही जाळलेलं असतं. त्यामुळे चारचौघांत सांगायला गेलं की पहिला प्रश्न तोच येतो: पट्टी बघितली होतीस का नीट? दोघांनी तर मला समजुतीच्या सुरात रिबन कशी लावायची ते शिकवलं. (दोघेही पुरुष, हे सांगायला नकोच.)

शेवटी दोन्ही मॉड्यूल्स घेऊन लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. तिथे एका इमारतीत जिना चढून गेलं की एक काका बसतात, अँप्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतात. युरोरॅक त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ‘हे काय, रेडिओ का?’ इथून सुरुवात. पण बोर्ड हा बोर्ड असतो. मॅथ्स त्यांनी भिंगाखाली धरलं, ब्रशने एका जळक्या डागावरून अलगद फिरवलं आणि ब्रश मला दाखवला. ‘धूळ बघ. जळलं तिथे चिकटून बसलीये, वर थर आहे. परवा जळलं म्हणतो ना तो माणूस? परवा जळलेल्यावर एवढी धूळ कुठून येणार पोरी?’ मग क्लाउड्स. मागचे जोड हाताने केलेले, सोल्डरिंगच्या फ्लक्सचे पिवळट डाग तसेच राहिलेले, आणि इनपुटच्या भागातली एक चिप कोणीतरी काढून परत बसवायचा प्रयत्न केलेला, त्यात खालचा तांब्याचा ट्रॅकच उखडलेला. ‘हे कारखान्यातलं काम नाही. कोणीतरी घरी बनवलं, बिघडवलं आणि तुझ्या गळ्यात मारलं.’ त्यांनी मला भिंगातून मोबाइलने फोटो काढू दिले. तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडले ते हेच फोटो.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० चा खरा फायदा पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर, कारण मग ते मधेच गोठवता येतात. माझ्या बाबतीत टोकन कधीच पुढे गेलेलं होतं. वस्तू प्रत्यक्ष हातात मिळाली असल्यामुळे पोलीस ठाण्यातही अर्ज द्यायला सांगितलं. फसवणुकीला पूर्वी चारशेवीस म्हणायचो, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. लिहून घेणारे हवालदार सज्जन होते, पण मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सुटे भाग’. मी वाद घातला नाही, याहून बरं वर्णन मलाही जमलं नसतं. मॅथ्सचा चौथा चॅनल काकांनी जिवंत केला. क्लाउड्स तसंच पडून आहे, पॅनल तेवढं अस्सल.

आता कोणाकडून घेणार असाल तर व्हिडिओ मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. आवाज चालू असताना त्याला आउटपुटची केबल उपटायला सांगा. आवाज तिथल्या तिथे तुटला पाहिजे. माइक लावून तुम्ही सांगाल तो शब्द त्याला बोलायला लावा, तोच शब्द फ्रीझ करून ताणायला सांगा. तयार रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या मावशीचं नाव असणार नाही. प्रत्येक चॅनल, प्रत्येक जॅक, कंटाळा येईपर्यंत. ऑसिलेटर (मूळ सूर काढणारं मॉड्यूल) असेल तर एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने तीनचार सप्तकं वर नेऊन सुरात राहतो का ते ट्यूनरवर बघा. भेटायचं ते जिथे चालू केस आहे तिथेच. त्याची विकली गेली असेल तर तुमची घेऊन जा, छोटी केस पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. बोर्डाची मागची बाजू उजेडात बघा. आणि घरी आणून पहिल्यांदा वीज देताना डबा उघडण्यापासून ते स्विच दाबेपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या, लाल पट्टी स्पष्ट दिसेल असा. माझ्याकडे तो असता तर रिबनचं त्याचं रडगाणं पहिल्याच मेसेजला संपलं असतं.

मी आमच्या लोकांत हे बोलू लागल्यावर पुण्याच्या एका मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला. तोच. तीच हिरवी कटिंग मॅट, तोच अंगठा चौथ्या चॅनलवर, तेच बंगळुरू. तिने त्याला कॉलवर केबल काढून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, ‘एक मिनिट ताई, नेटवर्क जातंय,’ आणि फोन कट. नंतर तिला ब्लॉक केलं. तिच्या यादीत क्लाउड्स आणि मॅथ्सच्या जोडीला रिंग्ज हे तिसरं मॉड्यूलही होतं, म्हणजे माल वाढतोय. तुम्हाला हा व्हिडिओ आला तर उत्तर द्यायच्या आधी डाउनलोड करून ठेवा आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट काढा. प्रश्न विचारायला लागलात की तो आपल्या बाजूने सगळं डिलीट करतो.