मॉर्गन ल फे : आधी जेफ्रीची वाचावी की मॅलरीची?

आर्थर राजाच्या कथांतली जादूगार स्त्री मॉर्गन मुळातून वाचू इच्छिणाऱ्यापुढे प्रामुख्याने दोन ग्रंथ येतात : जेफ्री ऑफ मॉन्मथ याने ११५० च्या सुमारास लॅटिन पद्यात रचलेला ‘व्हिटा मर्लिनी’ आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेला टॉमस मॅलरीचा ‘ल मॉर्त दार्थर’.

जेफ्रीची मॉर्गन सफरचंदांच्या बेटावरील नऊ बहिणींची प्रमुख आहे. तिला वनौषधींचे गुण ठाऊक आहेत, रूप पालटून आकाशातून जाण्याची विद्या अवगत आहे आणि बहिणींना तिने गणितही शिकवले आहे. घायाळ आर्थरला ती सोन्याच्या पलंगावर निजवते, स्वतःच्या हाताने जखम उघडी करून बराच वेळ निरखते आणि तो पुष्कळ दिवस आपल्यापाशी राहिला तरच बरा होईल, असे सांगते. येथे वैर नाही आणि त्यांच्या बहीणभावाच्या नात्याचा उल्लेखही नाही. उणीव एवढीच, की हा सारा मजकूर मोजक्या ओळींत संपतो.

पुढे बाराव्या शतकातील फ्रेंच कवी क्रेतियँ द त्रुआ याच्या काव्यांत ती आर्थरची बहीण झाली, तरी तिचे गुणकारी मलम कायम राहिले. तेराव्या शतकातील फ्रेंच गद्यकथांनी मात्र तिला आर्थरची राणी ग्विनिव्हिअर हिची वैरीण केले आणि प्रेमात बेइमान ठरलेल्या सरदारांना अडकवून ठेवणारी एक मंतरलेली दरी तिच्या नावावर लावली.

मॅलरीकडे हे वैर टोकाला जाते. तलवारीपेक्षा तिचे म्यान दहापट मोलाचे आहे, कारण ते जवळ असेपर्यंत रक्त वाहणार नाही, असे जादूगार मर्लिनने आर्थरला बजावलेले असते. आर्थर उपसलेली तलवार मुठीत धरून झोपलेला असताना मॉर्गन नेमके ते म्यान पळवते आणि खोल तळ्यात फेकून देते. जेफ्रीची वैद्य ज्याने आधी पाहिली आहे, त्या वाचकाला ही नुसती चोरी वाटत नाही. जखम भरणारी स्त्रीच येथे जखम उघडी राहण्याची सोय करते आहे, हे त्याला जाणवते.

केल्टिक देवतेच्या शोधात असणाऱ्यांनी आयरिश मॉरिगनकडे केवळ नावाच्या साम्यावरून वळू नये, कारण ‘मॉर्गन’चा अर्थ ‘समुद्रात जन्मलेली’ असा लावला जातो, तर ‘मॉरिगन’चा ‘थोर राणी’ किंवा ‘भुतांची राणी’ असा. वेल्श परंपरेतील मॉड्रन मॉर्गनला अधिक जवळची आहे. मॉड्रनला उरिएनपासून ओवेन हा मुलगा होतो, आणि मॅलरीच्या मॉर्गनचा नवरा व मुलगाही याच नावांचे आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की वेळ कमी असला तरी जेफ्रीच्या त्या ओळी आधी वाचाव्यात आणि मगच मॅलरीचा मोठा ग्रंथ हाती घ्यावा. त्याच्या शेवटी मरणोन्मुख आर्थरला न्यायला येणाऱ्या नावेत मॉर्गनही असते. त्या नावेतील एक राणी त्याचे डोके मांडीवर घेते आणि भावाला विचारते, की यायला इतका उशीर का केलास, डोक्याची ही जखम फार गारठली आहे.